आधी नायकाचे उद्दिष्ट, मग लॉगलाइन: पटकथेच्या पायाभरणीचा क्रम

नवोदित पटकथाकारांच्या लॉगलाइन, म्हणजे कथा एका वाक्यात सांगणाऱ्या ओळी, वाचताना एकच दोष वारंवार दिसतो. वाक्य घोटून गुळगुळीत केलेले असते, विशेषणे विचारपूर्वक निवडलेली असतात. पण त्या वाक्यातल्या माणसाला नेमके काय मिळवायचे आहे, हे लेखकाचेच ठरलेले नसते. मग अंधेरी-ओशिवऱ्यातल्या एखाद्या निर्मितीसंस्थेच्या कार्यालयात नॅरेशनला, म्हणजे कथा तोंडी ऐकवायला, बसल्यावर ‘ठीक आहे, पण तो करतो काय?’ असा प्रश्न येतो आणि लेखक आधी पार्श्वभूमी, मग विषय आणि शेवटी संदेश सांगू लागतो. समोरच्याने विचारलेली गोष्ट मात्र सांगायची राहूनच जाते.

हा दोष भाषेचा नसून क्रमाचा आहे. लॉगलाइन सर्वांत आधी वाचली जाते, म्हणून ती सर्वांत आधी लिहायची असते, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात नायक, त्याचे उद्दिष्ट, त्याच्या वाटेतला माणूस आणि पणाला लागलेली गोष्ट हे चार निर्णय झाल्याखेरीज लॉगलाइन लिहिताच येत नाही. ते निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावेत आणि प्रत्येक टप्प्यावर काय तपासावे, हे येथे एकच काल्पनिक कथा शेवटपर्यंत हाताशी ठेवून मांडले आहे.

## तयारी: कल्पना कच्चीच उतरवून काढा

पटकथालेखनाचे सॉफ्टवेअर या टप्प्यावर उघडू नये. ते उघडले की लेखक पहिला प्रसंग लिहायला घेतो, आणि पंधरावीस पाने झाली की त्या पानांच्या मोहापायी मूळ निर्णय बदलणे जड जाते. साध्या वहीत अर्धे पान लिहावे: कोण, कुठे, काय घडते आणि ही गोष्ट लिहाविशी का वाटते. भाषा ओबडधोबड राहू द्यावी.

आपल्या उदाहरणातील कच्ची नोंद अशी आहे: ‘कुर्ल्याच्या चाळीत राहणारा, सत्तरीला आलेला गिरणी कामगार. १९८२ च्या संपात ठाम राहिलेला माणूस म्हणून चाळीत त्याला मान. दर १ मे रोजी झेंडावंदनानंतर भाषण त्याचेच. खरे तर संप चालू असताना ‘गावी जातो’ असे सांगून तो गिरणीच्या आतच मुक्काम करून काम करत होता. आता म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या सोडतीत त्याला घर लागले आहे, पण गिरणीत कामाला असल्याचा पुरावा हवा. संपात नोकरी गेलेला एक मित्र. त्याचे रद्दीचे दुकान. नातू ऑनलाइन अर्ज भरतो.’

एवढ्या सामग्रीवर घाईने लिहिलेली लॉगलाइन बहुधा अशी होते: ‘गिरणी संपाच्या पार्श्वभूमीवर उलगडणारी, एका वृद्ध कामगाराच्या स्वाभिमानाची, मैत्रीची आणि हरवलेल्या मुंबईची हृदयस्पर्शी कहाणी.’ हे वाक्य गिरणगावावरच्या कोणत्याही पटकथेच्या मुखपृष्ठावर छापले तरी चालेल. त्यात कोणी काही करत नाही. ‘हृदयस्पर्शी’ हा तर प्रेक्षकाने द्यायचा अभिप्राय आहे. तो लेखकाने आधीच देऊन टाकला आहे.

तपासणी: कच्च्या नोंदीत निदान एक गोष्ट अशी असावी, जी दुसऱ्या कोणाच्या कथेत सहज सापडणार नाही. येथे ती आहे लपवलेली फितुरी. तसे काही सापडत नसेल, तर पहिली पायरी चढण्याआधी आणखी चार दिवस नोंदी कराव्यात.

## पायरी १: नायक कोण, हे किमतीवरून ठरवा

आपल्या नोंदीत तीन दावेदार आहेत: म्हातारा, मित्र आणि नातू. पुष्कळ लेखक नातवाकडे झुकतील, कारण तो तरुण आहे, लेखकाच्या वयाचा आहे आणि त्याच्या तोंडी निवेदन घालणे सोयीचे आहे. परंतु निवेदक आणि नायक ही दोन वेगळी कामे आहेत.

नायक ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. शेवटी मागे घेता येणार नाही असा निर्णय कोणाला घ्यावा लागतो? आणि त्या निर्णयात सर्वांत जास्त कोण गमावू शकतो? नातवाचे घर जाईल, पण अब्रू जाणार नाही. मित्राचे जे जायचे ते चाळीस वर्षांपूर्वीच गेले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हातारा हेच येते. म्हणून नायक तो.

‘माझ्या कथेत दोन नायक आहेत’ असे सांगणाऱ्यांनी एवढेच पाहावे: दोघांना एकच गोष्ट हवी असेल, तर ते उद्दिष्टापुरते एक पात्र समजावे. दोघांच्या मागण्या परस्परांच्या आड येत असतील, तर त्यांतला एक विरोधक आहे आणि लेखकाला अजून त्याची ओळख पटलेली नाही.

## पायरी २: इच्छेचे उद्दिष्टात रूपांतर करा

बहुतेक पटकथा येथेच अडखळतात, म्हणून या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा.

नायकाला काय हवे आहे असे विचारले की ‘त्याला सन्मानाने जगायचे आहे’, ‘तिला स्वतःची ओळख हवी आहे’, ‘त्याला वडिलांचे प्रेम हवे आहे’ अशी उत्तरे येतात. या इच्छा आहेत. त्या खऱ्या असतील, कथेच्या मुळाशीही असतील, पण कॅमेऱ्यासमोर त्या उभ्या राहू शकत नाहीत. सन्मान मिळाला तो क्षण कोणता आणि तो मिळाला हे प्रेक्षकाने कशावरून ओळखायचे, याचे उत्तर इच्छेत नसते. उद्दिष्ट म्हणजे त्या इच्छेने धारण केलेले ठोस, दृश्य रूप.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये याचा फार नेमका नमुना आहे. त्या चित्रपटाचा नायक जब्या याला वर्गातल्या शालूचे प्रेम हवे आहे आणि त्यामागे माणूस म्हणून मान हवा आहे. पण पडद्यावर तो काळ्या चिमणीच्या मागे धावतो, कारण तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल असे त्याला वाटते. चिमणी हाताला लागली की नाही, हे कोणीही सांगू शकतो. मानाची सगळी भूक त्या एका पक्ष्यात एकवटल्यामुळे तिच्यावर भाषण करण्याची वेळ येत नाही.

आपल्या म्हाताऱ्याकडे वळू. पहिले उत्तर: ‘त्याला घर हवे आहे.’ हे ठोस आहे, तरीही उद्दिष्ट म्हणून अपुरे आहे. कथा सोडतीपाशी सुरू झाली, तर घर लागणे हा नशिबाचा भाग ठरतो आणि नायकाच्या हातात वाट पाहण्यापलीकडे काही उरत नाही. उद्दिष्ट असे असावे की नायकाच्या कृतीने ते जवळ येईल किंवा दूर जाईल. म्हणून आपण सोडत कथेच्या सुरुवातीलाच उरकून टाकतो: घर लागले आहे, पात्रता ठरायची आहे, आणि कागद नाही. आता उद्दिष्ट असे लिहिता येते: ‘गिरणीत कामाला असल्याचा कागद पंधरा दिवसांत मिळवून म्हाडाच्या कार्यालयात जमा करणे.’ येथे धावता येते, खोटे बोलता येते, हात जोडता येतात आणि हरताही येते.

उद्दिष्ट लिहिताना क्रियापदाकडे विशेष लक्ष द्यावे. मिळवणे, थांबवणे, पोहोचवणे, सोडवून आणणे, सिद्ध करणे, परत करणे, पळून जाणे ही क्रियापदे प्रसंग जन्माला घालतात. झगडणे, सामोरे जाणे, समजून घेणे, सावरणे, स्वतःला शोधणे ही क्रियापदे परीक्षणात शोभतात. पटकथेत ती आली, की दुसऱ्या अंकात, म्हणजे कथेच्या मधल्या भागात, नायक खिडकीतून समुद्राकडे पाहत उभा राहतो. मुंबईत समुद्र फुकट उपलब्ध असल्याने हा धोका अधिक आहे.

इशारा: नकारार्थी उद्दिष्ट टाळावे. ‘गुपित फुटू नये’ हे भय आहे. भय असणाऱ्या माणसाला गप्प बसून राहता येते, आणि गप्प बसलेल्या नायकावर दोन तास काढता येत नाहीत. भय ठेवावे, पण त्याच्या विरुद्ध दिशेला ओढणारे होकारार्थी उद्दिष्ट त्याच माणसाला द्यावे. आपल्या कथेत घराचे कागद त्याला ज्या दिशेला ओढतात, त्याच दिशेला त्याचे गुपित आहे.

तपासणी: पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात देता आली पाहिजेत.

– शेवटच्या प्रसंगाचा आवाज बंद केला, तर उद्दिष्ट साधले की नाही हे दिसते का?
– नायकाने काहीच केले नाही, तर उद्दिष्ट आपोआप साधेल का? साधत असेल, तर ते बदलावे.
– ते दुसरा कोणी त्याच्यासाठी साधून देऊ शकेल का? नातू फॉर्म भरू शकतो. मित्रासमोर उभा राहू शकत नाही.
– हे उद्दिष्ट आजच का? काल का नव्हते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पायरीत आहे.

## पायरी ३: उद्दिष्ट कोणत्या प्रसंगातून जन्मते, ते ठरवा

नायकाचे नेहमीचे आयुष्य चालू असताना अशी एक घटना घडावी लागते, की त्यानंतर त्याला जुन्या जागी राहता येणार नाही. १२० पानांची पटकथा धरली, तर ही घटना पहिल्या दहा ते पंधरा पानांत यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. येथे ती घटना म्हणजे सोडतीच्या यादीत नाव येणे आणि पाठोपाठ पुराव्याची मागणी होणे.

वाडा, चाळ, गाव यांचे चित्रण आपल्या लेखकांना प्रिय असल्यामुळे हा प्रसंग पानोपान लांबत जातो, ही नेहमीची चूक आहे. चाळीचा नळ, गॅलरीतल्या गप्पा, भजनीमंडळ हे सारे दाखवावे. फक्त ते नायकाच्या धावपळीच्या वाटेवर दाखवावे.

आपल्याकडच्या चित्रपटाला मध्यंतर असते, त्याचाही विचार येथेच करून ठेवावा. मध्यंतरापाशी उद्दिष्ट तेच राहून त्याची किंमत वाढली पाहिजे. आपल्या कथेत मध्यंतराला पुराव्याचे हजेरीबुक सापडते आणि त्याचबरोबर मित्राची अट कळते (दोन्ही पुढच्या पायरीत येतात). मध्यंतरानंतर नायकाचे उद्दिष्टच बदलत असेल, तर तेथे दुसरा चित्रपट सुरू होतो आणि एका लॉगलाइनमध्ये दोन्ही मावत नाहीत.

## पायरी ४: विरोधाला चेहरा द्या

‘व्यवस्था’, ‘समाज’, ‘परिस्थिती’, ‘शहर’ ही विरोधकाच्या जागी लिहिली जाणारी नावे होत. व्यवस्थेला संवाद म्हणता येत नाहीत. तिचे काम करणारा एक माणूस निवडावा लागतो, आणि त्यालाही स्वतःचे उद्दिष्ट असावे लागते.

कागद मागणारा कारकून हा सोपा विरोधक आहे, म्हणूनच कमकुवत आहे. त्याला नायकाकडून काहीच नको आहे. मित्राची गोष्ट वेगळी. संपात नोकरी गेल्यावर त्याने रद्दीचे दुकान काढले. पुढे गिरणी पाडली गेली, तेव्हा तिच्या कचेरीतली जुनी दप्तरे वजनावर विकली गेली आणि त्यांतले एक हजेरीबुक त्याच्या हाती आले. त्या पानांवर संपाच्या महिन्यांत कोण कोण कामावर होते, ते लिहिलेले आहे. नायकाच्या नोकरीचा पुरावा आणि त्याच्या फितुरीचा पुरावा हे एकाच ओळीत आहेत.

आता मित्राचे उद्दिष्ट. त्याने नुसता सूड घ्यायचा असता, तर चाळीत जाऊन पान दाखवले असते आणि कथा दहा मिनिटांत आटोपली असती. त्याला हवी आहे कबुली: १ मे रोजी, झेंड्याखाली, नायकाच्याच तोंडून. कागद आणि कबुली यांतले एक घेतल्याशिवाय दुसरे मिळत नाही, अशी गाठ बसली की विरोध पुरेसा झाला असे समजावे.

तपासणी: विरोधकाच्या बाजूने कथा पाच ओळींत लिहून पाहावी. तीत तोच न्याय्य वाटला, तर पटकथा योग्य मार्गावर आहे.

## पायरी ५: काय पणाला लागले आहे आणि मुदत कोणती

ही पायरी लवकर उरकते. उद्दिष्ट न साधल्यास काय जाईल आणि साधल्यास काय जाईल, अशी दोन उत्तरे लिहावीत. दुसरे उत्तर बहुतेक जण लिहीतच नाहीत. येथे कागद न मिळाल्यास घर जाते आणि मिळाल्यास चाळीस वर्षांची प्रतिष्ठा जाते. मुदत कथेतून यावी, घड्याळातून येऊ नये. पुरावे सादर करण्याची तारीख आणि १ मेचे झेंडावंदन लागोपाठ आणले की दोन्ही दडपणे एकत्र येतात.

इशारा: खऱ्या प्रक्रियेवर कथा बेतली असेल, तर ती प्रक्रिया आताच तपासावी. म्हाडाने गिरणी कामगारांकडून कोणते पुरावे मागितले होते, हजेरीबुकाचे पान त्यांत बसते का आणि पात्रता सोडतीआधी ठरते की नंतर, हे अधिकृत जाहिरातींवरून आणि शक्य झाल्यास घर मिळालेल्या कामगारांशी बोलून पक्के करावे. मुंबईत या विषयाची माहिती असलेले हजारो प्रेक्षक आहेत. कथेचा कणाच एका कागदावर उभा असताना त्या कागदाबाबत ढिलाई परवडत नाही.

## पायरी ६: आतली गरज ओळखा, पण ती लॉगलाइनबाहेर ठेवा

नायकाला हवे असते एक आणि त्याला गरज असते दुसऱ्याच गोष्टीची. म्हाताऱ्याला कागद हवा आहे. गरज आहे खोटे उतरवून ठेवण्याची. ही गरज लेखकाला ठाऊक असावी, नायकाला शेवटापर्यंत ठाऊक नसावी, आणि लॉगलाइनमध्ये ती शब्दांत येऊ नये. ‘आणि या प्रवासात त्याला स्वतःचा नव्याने शोध लागतो’ हे शेपूट मराठी आणि हिंदी लॉगलाइनला इतके सर्रास लावले जाते, की वाचणारा ते वाचतही नाही. उद्दिष्ट आणि विरोध नीट बसले असतील, तर गरज वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटते.

## पायरी ७: आता लॉगलाइन लिहा

चार निर्णय चार ओळींत समोर ठेवावेत आणि मगच वाक्य जुळवायला घ्यावे. त्याआधी मराठीपुरती एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नामाची सगळी विशेषणे नामाच्या आधी लागतात. त्यामुळे इंग्रजी लॉगलाइनचा साचा जसाच्या तसा उचलला, की ‘संपात सहभागी न होता गिरणीत राहून काम केलेल्या आणि ते चाळीपासून लपवलेल्या सत्तरीला आलेल्या कामगाराला’ अशी ‘लेल्या-णाऱ्या’ची मालगाडी तयार होते आणि कर्त्यापर्यंत पोहोचेतो वाचणारा थकतो. त्यावर उपाय असा: वाक्याचे ‘पण’पाशी दोन भाग करावेत. पहिल्या भागात नायक आणि उद्दिष्ट, दुसऱ्यात विरोध आणि किंमत. एका नामामागे दोनांहून अधिक कृदंते ठेवू नयेत. एकूण लांबी चाळीस शब्दांच्या आत राहावी.

पहिला प्रयत्न: ‘पांडुरंग या निवृत्त गिरणी कामगाराला म्हाडाचे घर मिळण्यासाठी पुरावा हवा असतो, पण त्याच्या भूतकाळातले एक रहस्य आड येते. तो यशस्वी होईल का?’

येथे तीन चुका आहेत. ‘पांडुरंग’ या नावातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. नावाच्या जागी त्याच्या परिस्थितीशी टक्कर घेणारी ओळख हवी. ‘एक रहस्य’ म्हणून झाकून ठेवल्याने उत्सुकता वाढेल असा समज असतो, परंतु निर्मात्याला सर्वांत मोलाची गोष्ट नेमकी तीच असते. शेवट झाकावा, गाठ झाकू नये. आणि प्रश्नचिन्ह काढून टाकावे, कारण यश मिळेल का हा प्रश्न प्रत्येकच कथेत असतो.

दुसरा प्रयत्न: ‘संपातला लढवय्या म्हणून चाळीत मान मिळवलेल्या एका वृद्ध, स्वाभिमानी, एकाकी गिरणी कामगाराला म्हाडाच्या घरासाठी नोकरीचा पुरावा मिळवायचा आहे, पण तो पुरावा असलेले हजेरीबुक त्याच्या जुन्या मित्राकडे आहे.’

ओळख चांगली आली, उद्दिष्टही आले. पण वृद्ध, स्वाभिमानी, एकाकी या तीन विशेषणांपैकी एकच काम करते. दुसरा भागही लुळा आहे. मित्राकडे आहे तर मागून घे, असेच कोणीही म्हणेल. विरोधकाची मागणी वाक्यात आलेली नाही आणि पुराव्यातला पेचही आलेला नाही.

तिसरा प्रयत्न: ‘संपातला लढवय्या म्हणून मिरवणाऱ्या म्हाताऱ्या गिरणी कामगाराला म्हाडाच्या घरासाठी पंधरा दिवसांत नोकरीचा पुरावा मिळवायचा आहे, पण उरलेला एकमेव पुरावा म्हणजे त्याने संप फोडल्याची नोंद असलेले हजेरीबुक, आणि ते ज्या मित्राच्या ताब्यात आहे त्याला पैसा नको, चाळीसमोर कबुली हवी आहे.’

हे वाक्य चाळीस शब्दांच्या काठावर आहे, पण त्यातला एकही शब्द दुसऱ्या कथेत जसाच्या तसा जाऊन बसत नाही. ‘मिरवणाऱ्या’ या एका शब्दाने तीन विशेषणांचे काम केले. कुर्ला, नातू, भजनीमंडळ बाहेर राहिले याची हळहळ वाटू देऊ नये. त्यांची जागा सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कथेच्या सारांशात, आहे.

इशारा: कोठे लॉगलाइन इंग्रजीत मागितली असेल, तर मराठी वाक्याचे भाषांतर करू नये. चार निर्णयांच्या ओळी पुन्हा समोर ठेवून त्या भाषेत नव्याने लिहावे.

## पायरी ८: ऐकवून पाहा

लॉगलाइन तिघांना ऐकवावी, आणि ते तिघे आपले सहलेखक नसावेत. ‘आवडली का?’ असे विचारू नये. मित्र हो म्हणतात. ‘पुढे काय होईल असे वाटते?’ असे विचारावे. तिघांनी वेगवेगळी, पण एकाच गाठीभोवतीची उत्तरे दिली, तर वाक्य काम करत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनाच ती आपल्या शब्दांत परत सांगायला लावावे. जे ते विसरले, ते बहुधा वाक्यात अनावश्यक होते; जे त्यांनी चुकीचे सांगितले, ते अस्पष्ट होते.

‘मग तो अमुक का करत नाही?’ अशा शंकांची वेगळी यादी ठेवावी. आपल्या कथेवर पहिली शंका येणारच: गिरणीचे तिकीट, विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती यांतले काहीच कसे शिल्लक नाही? त्याचे उत्तर कथेत असले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या महापुरात कुर्ल्यात घरेच्या घरे पाण्याखाली गेली होती. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हाताऱ्याची कागदांची ट्रंक त्यात गेली, हे एका संवादात सांगून शंका मिटते. चाळ परळऐवजी कुर्ल्यात असण्याचे कारणही हेच. पण हे उत्तर लॉगलाइनमध्ये कोंबू नये. शंका आली की स्पष्टीकरण वाक्यात भरायचे, ही सवय लॉगलाइनला पुन्हा परिच्छेद बनवते.

## पायरी ९: उद्दिष्ट प्रसंगांच्या यादीवर लावा

पटकथा लिहिण्यापूर्वी प्रसंगांची यादी करावी आणि प्रत्येक प्रसंगापुढे एकच नोंद करावी: या प्रसंगात नायकाने उद्दिष्टासाठी काय केले आणि त्यामुळे ते जवळ आले की लांब गेले. ओळीने तीन प्रसंगांपुढे काहीच लिहिता आले नाही, तर लगेच प्रसंग कापू नयेत. आधी पाहावे, की ते प्रसंग चुकीचे आहेत की उद्दिष्ट. लेखक ज्या प्रसंगांत मनापासून रमला आहे ते सगळे उद्दिष्टाबाहेरचे असतील, तर त्याला वेगळीच कथा सांगायची आहे. मग दुसऱ्या पायरीवर परत जावे. हे परत जाणे या टप्प्यावर स्वस्त पडते. पूर्ण पटकथेचा तिसरा खर्डा झाल्यावर फार महाग पडते.

आपल्या यादीत नातवाच्या प्रेमप्रकरणाचे प्रसंग असतील, तर ते येथे उघडे पडतील. ते राहायचे असतील, तर नायकाच्या उद्दिष्टाला भिडवावेत. उदाहरणार्थ, लग्नासाठी घराची अट घातली गेली, की मुदतीचा फास आणखी आवळतो. ते भिडत नसतील, तर काढावेत.

## पाठवण्यापूर्वी

लॉगलाइन चोरीला जाईल ही भीती रास्त असली, तरी एका वाक्याला संरक्षण मिळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ अभिव्यक्तीला संरक्षण देतो; नुसती कल्पना, विषय किंवा कथानक यांवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून लॉगलाइन कोणाला दाखवण्याआधी त्यामागची कथा किंवा सविस्तर सिनॉप्सिस लिहून पूर्ण करावा आणि त्याची नोंदणी करावी. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासदांना ती ऑनलाइन करता येते. अमुक तारखेला अमुक मजकूर आपल्याकडे होता, याचा तो पुरावा असतो. मालकीचा निवाडा नसतो. कथेत पुढे मोठा बदल झाला, तर नवा खर्डा पुन्हा नोंदवावा.

ईमेलमध्ये लॉगलाइन मजकुरातच, पहिल्या परिच्छेदात द्यावी; ती जोडलेल्या फाइलमध्ये दडवू नये. मागितल्याशिवाय पूर्ण पटकथा जोडू नये. फाइलच्या नावात शीर्षक, खर्ड्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि कोणाला कोणता खर्डा कधी पाठवला याची नोंद त्याच वहीत ठेवावी.